पायाला सुटलेलं पाणी

शुक्रवारी ऑफिसच्या पँट्रीत मी केलेल्या चॉकलेट कस्टर्ड पायसमोर कुणीतरी पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. 'चॉकलेट डिप.' शेजारी प्रेट्झेलची पिशवी फोडून ठेवलेली, आणि लोक बुडवून बुडवून खात होते. वर मलाच येऊन सांगत होते की डिप फार छान झालंय. कुणी तोंड वाकडं करून बाजूला सारला असता तर एवढं लागलं नसतं.

निमित्त पाय डेचं. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून १४ मार्च म्हणजे ३.१४, गणितातल्या π ची, म्हणजे इंग्रजीतल्या 'पाय'ची, किंमत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयात लॅरी शॉ नावाच्या गृहस्थांनी १९८८ साली हा दिवस सुरू केला आणि तेव्हापासून गणिताच्या नावावर सगळे खायचा पाय खातात. यंदा चौदा तारीख शनिवारी आली, म्हणून आमच्या ऑफिसने ती शुक्रवारीच उरकली. कोण काय आणणार याची यादी फिरली, तेव्हा माझ्या नावासमोर कुणीतरी आधीच 'समोसे' लिहून टाकलं होतं. दर वेळी लिहितात. दिवाळीला समोसे, थँक्सगिव्हिंगला समोसे, एकाच्या निरोप समारंभाला समोसे. मी कोल्हापूरचा माणूस. समोशाशी माझा संबंध फार तर एसटी स्टँडवरचा. इथे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत आठ वर्षं झाली, पण मिसळ म्हणजे काय हे एकानेही विचारलेलं नाही. मी 'समोसे' खोडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'चॉकलेट कस्टर्ड पाय, पारंपरिक.' पारंपरिक कुणाचा, ते लिहिलं नाही.

इकडे दक्षिणेत हा पाय घरोघरी होतो. खाली खुसखुशीत पारी, मध्ये दूध, कोको, साखर, कॉर्नफ्लोअर आणि अंड्यांच्या बलकांचं दाट कस्टर्ड, आणि उरलेला पांढरा फेटून वर मरँगचा ढग. काही वाया जात नाही. आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर. ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे वाढदिवसाला केळं-डाळिंब घालून आपण जे खात आलो, ते मुळात एका नवऱ्याने बायकोसाठी काढलेलं बिनअंड्याचं कस्टर्ड. माझ्यासाठी असं कुणी काही शोधून काढलेलं नाही. उलट माझे सासरे सध्या सहा महिन्यांसाठी इथे आहेत.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. गाव कराड. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्या दिवसापासून जगातल्या कुठल्याही गोष्टीला तडा गेला की त्यांना कोयना आठवते. कपाला, भिंतीला, माझ्या फोनच्या काचेला.

गुरुवारी संध्याकाळी मी पीठ घेतलं. आपल्या शंकरपाळ्याला कडकडीत मोहन लागतं, याला उलट फ्रीजमधलं दगडासारखं लोणी. सासूबाई दारातूनच "गार मोहन?" एवढं म्हणाल्या आणि मालिका बघायला निघून गेल्या. बाबा मात्र खुर्ची ओढून बसले.

पारी ताटलीत लावली, वर कागद घातला आणि अर्धा किलो राजमा ओतला. रिकामी पारी भाजताना फुगू नये म्हणून हे वजन.

"राजमा पण घालतात का यात?"

"नाही बाबा, नुसता भाजताना ठेवायचा. मग काढून टाकायचा."

"टाकायचा?"

"म्हणजे परत वापरता येतो. पुढच्या पायला."

"पुढचा पाय कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओव्हन ३५० वर लावला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "साडेतीनशे? अहो जावईबापू, शंभरला पाणी उकळतं." मी म्हटलं, फॅरनहाइट आहे, आपले पावणेदोनशे. त्यावर "मग आपलेच लावायचे ना," म्हणून ते राजम्याची वाट बघत बसले. बाहेर आल्याबरोबर सगळा गोळा करून पातेल्यात भिजत घातला. उद्या उसळ.

पारीला कडेने तडा गेला होता. मी लपवणार होतो, पण तडा दिसला की या माणसाचे डोळे लकाकतात. "कोयनेलाही गेले होते. धरण उभं आहे!" असं म्हणून उरलेल्या पिठाची वात करून त्यांनी स्वतः ती फट बुजवली, वरून बोट फिरवलं आणि "ग्राउटिंग झालं" असं जाहीर केलं. मान्य करायला हवं, काम चोख होतं.

खरा घोटाळा पुढे झाला. कस्टर्ड दाटू लागलं, मध्यभागी पहिला बुडबुडा फुटला, चॉकलेटचा एक थेंब बाबांच्या बनियनवर उडाला आणि ते ओरडले, "बंद करा! बंद करा! उतू चाललंय!" उतू वगैरे काही जात नव्हतं. पण माणूस एवढ्या जोरात ओरडला की हात आपोआप बटणाकडे जातो. मग मी पाठ फिरवून पांढरा फेटायला घेतला. मिक्सरच्या आवाजातही मला मागून चमचा पातेल्याला लागल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. मी वळलो. बाबा चमचा चाटत होते.

"साखर बघितली," ते म्हणाले. "बेताची आहे." आणि तोच चमचा तिसऱ्यांदा आत.

रात्री पाय दिसायला देखणा होता. मरँगची टोकं सोनेरी, मध्ये किंचित थरथर. सकाळी फ्रीजमधून काढला आणि ताटली जरा कलली, तर आत लाट आली. लाट! मरँग तिच्यावर तराफ्यासारखा हलला. मी बूट घालत स्वतःला समजावत होतो की गार हवेत आवळून येईल, तेवढ्यात बाबांनी कराडला भावाला फोन लावला. स्पीकरवर. ते फोन स्पीकरवरच करतात.

"अरे, इकडे जरा गडबड झालीये. जावईबापूंच्या पायाला पाणी सुटलंय."

"पाणी? कधीपासून?"

"काल रात्री बरा होता. सकाळी बघतो तर हे."

"शुगर आहे का त्यांना?"

"आहे ना. एक कप आहे."

पलीकडे शांतता.

"एक कप म्हणजे?"

"मी स्वतः चाखली. बेताची आहे."

"तू चाखलीस?"

मी बुटाची नाडी हातात धरून थांबलो होतो. बायको सिंककडे तोंड करून हसत होती. काका आवाज खाली आणून म्हणाले, "दादा, डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका." त्यावर बाबा, "छे, डॉक्टर कशाला, ते ऑफिसला घेऊन चाललेत. तिथे सगळे मिळून खाणार आहेत." फोन कट झाला. नेटवर्कमुळे, असं बाबांचं म्हणणं.

गाडीत पहिल्याच वळणाला मरँग डावीकडे सरकला. पुढचं सांगितलंच आहे.

शनिवारी रात्री मी कारण शोधत बसलो. अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. कॉर्नफ्लोअरने आणलेला दाटपणा ते रात्रभर बसून खातं. म्हणून बलक घातल्यावर कस्टर्डला चांगली उकळी यावी लागते, बुडबुडे फुटत मिनिट-दोन मिनिटं, तेव्हा ते मरतं. म्हणजे 'बंद करा' कुणी म्हटलं, ते आठवा. आणि हेच विकर आणखी कुठे असतं? माणसाच्या लाळेत. शाळेत आपण टायलिन म्हणून पाठ केलेलं. आपल्या आज्या उष्टा चमचा पातेल्यात घालू देत नव्हत्या, तो सोवळेपणा असेल, पण पातेल्यात पीठ असेल तर तिला रसायनशास्त्राचीही साथ आहे.

हे सगळं मी रविवारी बाबांना पुराव्यासह वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "खात्यात चौकशी लागली की आधी ठेकेदाराला धरतात. अधिकारी फक्त पाहणी करतो." थोडं थांबून, "आणि बांध कुठे गळला? माझं ग्राउटिंग बघा. एक थेंब बाहेर नाही. आतलं पाणी पातळ निघालं, तर तो माझा विभाग नाही."

यावर काय बोलणार? जावयाने सासऱ्यावर चिडायचं नसतं, आणि सासऱ्याने जावयाला 'चुकलं' म्हणायचं नसतं. या रीतीचा फायदा प्रत्येक वेळी एकाच बाजूला का होतो, हे मला लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

आज एप्रिलच्या पॉटलकची, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची, यादी आली. माझ्या नावासमोर 'समोसे', आणि पुढे कंसात 'किंवा ते डिप'. काकांनी बायकोच्या फोनवर जखमेच्या मलमाचा फोटो पाठवलाय, दिवसातून दोनदा लावा म्हणून. आणि तो भाजलेला राजमा बाबांनी तीन दिवस भिजवून आता कुकरला लावलाय. भाजून निघालेला राजमा शिजत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. नववी शिट्टी झाली, स्मोक अलार्म एकदा ओरडून गप्प बसला. बाबा म्हणतात, अजून दोन होऊ द्या.