अपडेट बंद केल्याने फोन आपला होत नाही

मावशीच्या फोनमधील सगळे अपडेट महिनोन्‌महिने बंद असल्याचे परवा लक्षात आले. कारण विचारल्यावर तिने नातेवाइकांच्या गटावर फिरणारा संदेश पुढे केला: ‘फोन तुमच्या पैशांचा आहे. कंपन्या अपडेट पाठवून तो मुद्दाम मंद करतात. अपडेट कायमचे बंद ठेवा, कंपनीचा ताबा संपेल आणि फोन दहा वर्षे चालेल.’

यातील ताबा संपण्याची कल्पना सर्वांत हास्यास्पद आहे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या रीतसर विकत घेतलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रातून, दूर बसून पुसून टाकल्या होत्या. विक्रेत्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले. पण यंत्राच्या मालकाला कोणी विचारले नव्हते. कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले यंत्र एक बटण बंद केल्याने स्वतंत्र होत नाही.

खरा धोका मात्र सुरक्षेचा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातील संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती घेतली नव्हती, एवढेच. ते संगणक होते, हा फोन आहे, असे कोणी म्हणेल. पण मावशी विजेचे बिल याच फोनवरून भरते.

दहा वर्षांबद्दल काय बोलावे? बॅटरी संदेश वाचत नाही.

आता मंद करण्याचा आरोप. तो सरसकट खरा नसला, तरी निराधारही नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केल्याचे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. बॅटरी जीर्ण झालेला फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हे कंपनीचे स्पष्टीकरण. तरीही फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तो ग्राहकांना ही गोष्ट न सांगितल्याबद्दल. नवी बॅटरी घालून जिथे भागले असते, तिथे लोक नवा फोन घ्यायला निघतात, ते अशा लपवाछपवीमुळेच. ओरड झाल्यावर मार्च २०१८ मध्ये कंपनीने ही वेगमर्यादा मालकाला स्वतः बंद करता येईल अशी सोय दिली. ती सोय अपडेटमधूनच आली.