‘गोल्डन घ्या, काही करावं लागत नाही’ हे खरं नाही

परभणीत आमच्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “गोल्डन रिट्रीव्हर म्हणजे सगळ्यात सोपा कुत्रा. लेकरांसाठी उत्तम. केस कापून कूलरसमोर ठेवा, ऊन लागत नाही. घरचंच खातो. घर राखतो. दत्तक घेतला तर फुकट. आणि नाहीच जमलं तर शेत आहेच.” तीन वर्षांपासून माझ्या घरी बुंदी नावाची गोल्डन आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ऊन. ही जात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तयार झाली, पाण्यात पडलेली बदकं शिकाऱ्याकडे आणून देण्यासाठी. म्हणून तिच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब केस, खाली दाट लव. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापतो, तोंडातलं पाणी उडतं, तेव्हा त्याचं अंग निवतं. केस मुळापासून कापले की कातडी थेट उन्हात येते, भाजते, आणि पुढे केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही. कापण्यापेक्षा विंचरा. सुटलेली लव रोज निघाली की वारा कातडीपर्यंत पोचतो.

कूलर आमच्याकडेही आहे, पण लाइट गेली की तो नुसता पत्र्याचा डबा. आणि त्याला पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलो नाही ना? तीस किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला दीड-दोन लिटर प्यायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्यांच्याकडे मे महिन्यात टँकर येतो त्यांनी हा हिशेब आधी करावा. मे महिन्यात आमचं फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर उलटा तळहात ठेवून सात आकडे मोजते. हात ठेववला नाही तर आम्ही माघारी. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, झोकांड्या जायला लागल्या, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा.

“लेकरांसाठी उत्तम.” स्वभावानं, हो. पण वर्षाभराचा गोल्डन आनंदानं उडी मारतो तेव्हा तीन वर्षांचं पोर आडवं होतं. आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ही कुत्री दहा-बारा वर्षं जगतात. माझा मुलगा आठवीत होता तेव्हा “सगळं मीच करीन” म्हणाला, आणि त्यानं केलंही. आता तो अकरावीला लातूरला, नीटच्या क्लासला आहे. त्याचं पहाटेचं फिरणं माझ्याकडे आलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्याकडे दहावीनंतर पोरं घराबाहेर पडतात. म्हणून निर्णय घेताना मुलाला विचारा, आणि त्याहून आधी स्वतःला विचारा.

“घरचंच खातो.” आपल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतो, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर येऊ शकतात, आणि चॉकलेट तर विषच. घरचं द्या, पण वेगळं शिजवलेलं: अंडी, चिकन, भात, तेही डॉक्टरांना विचारून. नुसत्या दूध-पोळीवर हा देह पोसत नाही.

राखणीचं थोडक्यात सांगते. बुंदी अनोळखी माणसापुढे शेपूट हलवत जाते. राखण हवी असेल तर गावठी कुत्रं पाळा.

“दत्तक फुकट.” दत्तक घेणं चांगलंच, मी स्वतः घेतलं. पण रेबीजची आणि इतर लसी, नसबंदी, दर महिन्याचं गोचिडाचं औषध, पुढे खुब्याचं दुखणं (ते या जातीत बरंच दिसतं), यातलं काहीच फुकट नाही. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरून खुबे आणखी दुखतात; जुन्या खरबरीत शहाबादी फरशीचं घर असेल तर ते बरं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण तालुक्याच्या डॉक्टरांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. रात्री-बेरात्री कुत्रा बघाल का, हे त्यांना आधीच विचारून ठेवा.

आणि शेवटचं वाक्य, “शेत आहेच.” शेतावर गोचीड आहेत, घोणस आहे, फवारणीचं औषध आहे, रानडुकरांसाठी सोडलेली विजेची तार आहे, आणि हद्द राखणारी दुसरी कुत्री आहेत. सोफ्याजवळ वाढलेल्या कुत्र्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त आपली माणसं कुठं गेली एवढंच कळत नाही. बुंदी आम्हाला अशाच एका शेतावर मिळाली. दोन वर्षांची, वजन एकोणीस किलो, बोटांच्या बेचक्यांत गोचीड, पोटाखालच्या केसांचा गोखरूनं गठ्ठा झालेला. तिला कुणीतरी गाडीत घालून तिथं सोडलं होतं. आज ती अठ्ठावीस किलोची आहे, घरभर हुंदडते. पण गाडीचं दार उघडलं की अजूनही उंबऱ्यावरच बसून राहते.