गॅस आहे बे, काही नाही

दुपारी अंबाझरीच्या स्मशानघाटावरून आलो, आंघोळ केली, तरी डोकं शांत होईना म्हणून हे लिहितोय. लांबणार आहे. ज्यांना खर्रा, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटा, प्रिय आहे त्यांनी इथूनच वळावं.

हार्ट अटॅकनं गेला तो ४१ वर्षांचा होता. नाव लिहीत नाही, अर्ध्या फ्रेंडलिस्टला माहीतच आहे. अग्नी दिल्यावर दहा मिनिटांत बाहेर झाडाखाली चौघं प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत उभे. ज्याला आत्ता खांदा दिला त्याचेच दोस्त. तळहातावर पन्नी, सुपारीची करकर, आणि विषय काय? "जिम लावली होती ना त्यानं." दुसरा म्हणतो, "लसीमुळेच होऊन राहिलं हे सगळं." तिसऱ्यानं घोटलेली पन्नी उघडून आमच्या दादासमोर धरली. दादासमोर!

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. २०१९ चा मे, मी त्याच्याकडे नंदनवनला मुक्कामी. रात्री दीडला तो उठून बसला. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय म्हणे, कूलरसमोर बसूनही बनियन पिळावं इतका घाम, आणि जबडा दुखतोय. वहिनी म्हणाली, दवाखान्यात चला. दादा म्हणाला, "गॅस आहे बे, काही नाही. सावजी जास्त झालं." आणि मी एम.कॉम. झालेला शहाणा, स्वयंपाकघरातून ओवा आणि काळं मीठ घेऊन आलो. मग लिंबू-सोडा. मग पाठ चोळली. एक ढेकर आला तर आम्ही टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. साडेपाचला निघालो, तेही कसे, तर दादा स्वतः स्कूटर चालवतोय आणि मी मागे. १०८ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर डोक्यातसुद्धा आला नाही. ईसीजी काढणारी पोरगी कागद हातात घेऊन अक्षरशः पळत गेली, तेव्हा मला कळलं.

चार तास. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, पहिल्या तासा-दोन तासांत जो फायदा तो नंतर नाही. आम्ही ते तास ओव्यात घालवले. स्टेंट पडला, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला ते किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३० टक्क्यांवर आलं. धडधाकट माणसाचं ५५-६० असतं. आज दादा दुसऱ्या माळ्यावरच्या स्वतःच्या घरी जाताना मधल्या पायरीवर बसतो, आणि कोणी आलं की मोबाईल काढून बघत असल्याचं नाटक करतो.

त्या लसवाल्याला विचारायचं होतं, २०१९ ला लस कुठे होती रे बाबा? १९९० मध्ये देशातल्या शंभर मृत्यूंपैकी १५ हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी व्हायचे, २०१६ मध्ये २८. करोना तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ५२ देशांचा मोठा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यातही आपल्याकडच्या माणसाला पहिला झटका बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असंच निघालं. त्याच अभ्यासात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. आणि आमचे लोक म्हणतात, "मी सिगरेट नाही पीत, फक्त खर्रा." फक्त!

हो, सवय नसताना एकदम जोर काढला तर झटका येऊ शकतो, मान्य. पण जिमवाला एक गेला की गावभर बोंब, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून पोट वाढवणारे पन्नास गेले तर "देवाची मर्जी". हो, आमचे आजोबाही ८४ पर्यंत तंबाखू खाऊन जगले. ते रोज शेतात पायी जायचे, हे कोणी सांगत नाही.

तर्रीला मी शिव्या देणार नाही. नागपूरचा आहे, पाप लागेल. पण आपली गोची पोटात आहे. हातपाय काडीसारखे, वजनकाटाही फार बोलत नाही, आणि मधे मटका. चरबी नेमकी तिथे, आतड्यांभोवती, जिथून शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बिघडतात. आपल्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटर ही हद्द, बायकांसाठी ८०. पँटचा नंबर धरू नका, ती आपण पोटाखाली बांधतो. मघाशी बायकोचा शिवणकामाचा टेप बेंबीवरून लावला. ९७. श्वास आत ओढून ९४. ती म्हणाली, श्वास सोडूनच जगायचं असतं ना.

आणि वहिन्यांनो, तुमचं तर अजून अवघड. छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, पाठ, खांदा. शुगर असेल तर दुखणं जाणवतही नाही कधीकधी. तुम्ही पोळ्या संपवून मग सांगता. नका ना असं करू.

गॅस असतोही, नाही म्हणत नाही. दहापैकी कितीतरी वेळा गॅसच असेल. पण ते ईसीजी काढून कळू दे, ओवा चावून नको. पहिला ईसीजी साफ आला तरी डॉक्टर थांबवून परत काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) बघतात, तेव्हा "पैसे उकळतात" म्हणत उठून येऊ नका.

चिडून लिहायला बसलो होतो, आता राग कमी झालाय. त्या चौघांवर तरी काय चिडू. ओवा मीच आणला होता.

दादानं पन्नी हातानं बाजूला सारली, "नको बा" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. परतताना लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला म्हटलं, "दादा, त्या रात्री माझंच चुकलं." तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. सिग्नल सुटला तसा म्हणाला, "पण थोडा गॅस होताच बे."