नाक घडवावं की रंगवावं?

संगणकावर त्रिमितीय (3D) डिजिटल पात्र बनवताना पहिलं भांडण नाकावरून होतं. चित्रकार म्हणतो, नाक म्हणजे तीन छटा, वर उजेड, बाजूला मध्यम, खाली काळोख. दोन मिनिटांत देतो. मॉडेलिंगवाला, म्हणजे त्रिमितीय आकार घडवणारा, म्हणतो, नाकपुड्यांना जाडी हवी, आत पोकळी हवी. दोन तास दे. हे दोघे वेगवेगळ्या टेबलांवर बसले असते तर कटकट नव्हती. पण हल्ली दोघं एकाच डोक्यात राहतात, एकच पेन वापरतात आणि डोकेमालकाच्या नाकी नऊ आणतात.

खरा वाद सावलीचा. चित्र रंगवायला सरावलेला हात त्वचेचा रंग भरता भरता हनुवटीखाली सवयीने एक गडद फटकारा मारून जातो. मॉडेलची हनुवटी तर खरीच पुढे आलेली असते, तिची सावली सॉफ्टवेअर पाडणारच. एकाच सावलीचं बिल दोनदा लागतं आणि परीला दाढी फुटते. चोर पकडायचा असेल तर दिवा पात्राच्या पायाशी नेऊन ठेवा. जी सावली जागची हलत नाही, ती आपल्या ब्रशची. म्हणून बेस कलर (उजेड-सावलीशिवायचा मूळ रंग) भरताना प्रकाशयोजना बंद ठेवून, नुसता सपाट रंग दाखवणाऱ्या मोडमध्ये काम करावं. तिथे चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो, दिसू द्यावा. धातू सोडून बाकी कशाचाही बेस कलर 0 ते 255 च्या मापात साधारण 30 च्या खाली आणि 240 च्या वर नेऊ नये. ठार काळ्यावर उजेड टाकून काही उपयोग नसतो, आणि पांढराफेक रंग दिवा लागताच डोळ्यांत घुसतो.

याला एक सन्मान्य अपवाद आहे. वरून, लांबून दिसणाऱ्या खेळांतल्या छोट्या पात्रांवर उजेड मुद्दाम रंगवतात. ‘डोटा 2’ या खेळासाठी त्याच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने दिलेल्या मार्गदर्शिकेत पात्र पायांकडे गडद आणि डोक्याकडे उजळ ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे गर्दीतही नजर डोक्याकडे जाते. तिथे चित्रकाराला मोकळं सोडावं. इतरत्र वाटणी अशी: बाह्यरेषा मोडणारं सगळं घडवायचं, म्हणजे नाक, कान, पट्ट्याचं बक्कल. उजेड फिरला की बदलणारं पण बाह्यरेषेत न दिसणारं, म्हणजे छिद्रं, बारीक सुरकुत्या, शिवण, हे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कुठे कसा झुकलाय ते उजेडाला सांगून खाचखळगे भासवणाऱ्या चित्रात. उजेड कुठूनही आला तरी तसंच राहणारं, म्हणजे तीळ, वांग, गालांची लाली, हे रंगात. कपाळ किंचित पिवळट, मधला पट्टा तांबूस, हनुवटीकडे थोडी निळसर-करडी झाक, हा चित्रकारांचा जुना हिशेब इथेही चालतो. फक्त ब्रशची अपारदर्शकता 10-15 टक्क्यांवर ठेवायची, नाहीतर चेहऱ्याचा झेंडा होतो.

झीब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मॉडेलवर रंगवणं फार सुखाचं वाटतं. मात्र पॉलीपेंटचा, म्हणजे असा थेट लावलेला, रंग मेशच्या (मॉडेलच्या जाळीच्या) बिंदूंवर बसतो. बिंदू कमी तर रंग धूसर. 10,000 फेसचं (जाळीतल्या चौकोनांचं, बिंदूही साधारण तेवढेच) डोकं पाच वेळा सबडिव्हाइड केलं, म्हणजे प्रत्येक चौकोनाचे चार केले, की दरवेळी चौपट होत 1,02,40,000 वर पोचतं. तरीही 4096 बाय 4096 च्या टेक्स्चरमधले (मॉडेलवर गुंडाळायच्या चित्रातले) 1,67,77,216 पिक्सेल त्याहून जास्तच. पापण्यांची कड रेखीव का येत नाही म्हणून ब्रश बदलत बसणाऱ्यांनी आधी बिंदू मोजावेत. आणि रंगवून झाल्यावर ‘मेश जरा नीट करून घेऊ’ असं मनात आलं, तर आधी रंगीत मॉडेलची प्रत बाजूला ठेवायची. नव्या मेशवर यूव्ही (मॉडेलची कातडी सोलून सपाट पसरल्यासारखा नकाशा) उलगडून, सबडिव्हाइड करून, जुन्या प्रतीवरून तपशील आणि रंग प्रोजेक्ट करायचे, म्हणजे उतरवून घ्यायचे. ओठ मिटलेले असतील तर वरच्या ओठाचा रंग खालच्यावर उतरतो. त्यामुळे तोंड किंचित उघडं ठेवून घडवलेलं बरं. मिटायचं काम नंतर रिगवाला, म्हणजे मॉडेलला हाडं-सांधे लावणारा, करतो.

यूव्ही उलगडताना जागा वाचवायला चेहऱ्याचे दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. मग एका गालावर काढलेला तीळ दुसऱ्या गालावर आपोआप उगवतो, आणि छातीवरचं नाव अर्धं सुलटं, अर्धं उलटं वाचावं लागतं. चेहरा सलग ठेवावा, बूट खुशाल आरशातले असू द्यावेत. बुटांकडे कोण बघतं! शिवणी, म्हणजे नकाशा कापायच्या जागा, कानामागे आणि हाताच्या आतल्या बाजूला. 4096 च्या टेक्स्चरमध्ये तुकड्यांभोवती 16 पिक्सेल रंग बाहेर सांडू द्यावा, नाहीतर लांबून पाहताना शिवणीवर पार्श्वभूमीची रेघ उमटते.

नॉर्मल मॅपचा विनोद वेगळाच. ब्लेंडर हे 3D सॉफ्टवेअर मॅपचा हिरवा चॅनल (वर-खालचा झुकाव सांगणारा) ओपनजीएल पद्धतीने वाचतं, अनरियल हे गेम इंजिन डायरेक्टएक्स पद्धतीने, म्हणजे बरोबर उलटा. तो न पलटता नेला की गालावरची खळी फोड होऊन बसते. आणि हा मॅप रंग म्हणून नव्हे, नुसता आकड्यांचा डेटा म्हणून लोड करावा, नाहीतर उजेड सगळीकडे तिरका पडल्यासारखा वाटतो.

डोळ्यांच्या बाबतीत मी मॉडेलिंगवाल्याच्या बाजूने. बुबुळावरचा पांढरा ठिपका टेक्स्चरमध्ये रंगवला की पात्र नजर फिरवतं तेव्हा ठिपकाही तिच्याबरोबर फिरायला निघतो. सुमारे 24 मिलिमीटरचा गोल, त्यावर पारदर्शक कॉर्नियाचा फुगवटा, एवढं केलं की ठिपका दिवाच देतो.

एकच स्थिर चित्र हवं असेल तर मात्र शेवटचा हात चित्रकाराचा. कॅमेरा 85 मिमी लेन्सच्या आसपास ठेवून तो सुरुवातीलाच सेव्ह करायचा. फार जवळच्या वाइड लेन्समध्ये घडवलेलं डोकं लांबून पाहिलं की नाक आत आणि कान बाहेर जातात. रंग, सावली, अँबियंट ऑक्लूजन (खाचाखोचांतला काळोख), खोली (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) आणि वस्तूवार सपाट रंगांचा मास्क, असे पास, म्हणजे एकाच दृश्याची वेगवेगळी चित्रं, एकाच मापात काढायचे. फोटोशॉपमध्ये सावली मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर), मास्क निवडीसाठी, आणि वर रंगकाम. सगळे पास स्मार्ट ऑब्जेक्ट (आतलं चित्र नंतर बदलता येणारे थर) म्हणून ठेवावेत. कारण चित्र संपत आलं की हमखास विचारणा येते, ‘डोकं जरासं डावीकडे वळवता येईल का?’ अगदी जरासं असेल तर लिक्विफायने, म्हणजे चित्र ढकलून-ओढून वाकवणाऱ्या फिल्टरने, निभावतं. त्याहून जास्त असेल तर मॉडेल वळवून पास नव्याने काढायचे आणि जुन्यांच्या जागी बदलायचे. कपडे, दागिने, पार्श्वभूमी बरीचशी वाचते. वर हाताने रंगवलेले केस मात्र पहिल्यापासून.