राग कोणावर काढायचा तेवढं तरी नीट ठरवा

मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांचा निकाल लागला आणि सकाळपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच चाललंय. 'सोडलं सगळ्यांना', 'वा रे न्याय', 'कोर्टं कशाला, तेव्हाच गोळ्या घालायच्या'. दुपारपर्यंत मी गप्प होते. आता नाही राहवत.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये बॉम्ब फुटले, अकरा मिनिटं, १८० च्या वर माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आज, २१ जुलै २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तर २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेला. फाशीची शिक्षा डोक्यावर असताना.

माहीमला स्फोट झाला त्या गाडीत माझा मामा होता. बॉम्ब फर्स्ट क्लासमध्ये होता, मामा शेजारच्या डब्यात, म्हणून वाचला. रुळांच्या कडेच्या झोपड्यांतली पोरं चादरी घेऊन धावत आली, त्यांनीच त्याला उतरवलं. कोणी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. फोन लागत नव्हते, बाबा रात्रभर एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात फिरत होते. मामाचा डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच. त्यामुळे स्फोटात मेलेल्यांची किंमत मला कोणी शिकवू नये.

याच मामाचा नंतर जबाब घेतला. गाडीत कोणी संशयित दिसला का? तो म्हणाला, चर्चगेटच्या गर्दीत चेहरे कोण बघतं, जे पाहिलं नाही ते मी कसं सांगू? बास. एका जखमी, कानात सतत आवाज येणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं.

आणि खटल्यात काय? आरोपींना गाडीतून नेलं असं सांगणारे टॅक्सीवाले, ज्यांनी शंभरहून जास्त दिवसांनी त्यांचे चेहरे ओळखले. मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब, ज्यांतले मजकूरच्या मजकूर एकसारखे. मोक्कामध्ये अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या चोरीच्या खटल्यात जे चालत नाही ते फाशीच्या खटल्यात चालतं! मग तपास करायची गरजच कुठे उरते? आत टाका, ठोका, सही घ्या, पत्रकार परिषद घ्या. आणि आपण टाळ्या वाजवल्या. तुम्हीही, तुमच्या वडिलांनीही.

हो, त्या दिवसांत पोलिसांवर भयंकर दबाव होता, कबूल. लष्कर-ए-तोयबा खरी आहे, तिची माणसं खरी आहेत, धर्माच्या नावावर पोरांना मरायला आणि मारायला पाठवणारे खरे आहेत, आणि त्यांच्यासाठी कडक कायदा लागतो हेही कबूल. पण कडक कायदा तपासाच्या बदल्यात नसतो हो!

याच शहरात २००८ च्या हल्ल्यातल्या कसाबचा खटला झाला ना? पोलीस तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत धरला. फोटो होते, डोळ्यांदेखत पाहिलेले साक्षीदार होते. चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शिक्षा कायम झाली आणि २०१२ मध्ये येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात पुरावा नव्हता म्हणून दोन भारतीय आरोपी सुटलेसुद्धा. आभाळ कोसळलं का?

आणि मालेगाव विसरलात? २००६ मध्येच, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट. मेले मुसलमान, पकडले मुसलमान. नऊ जण. पाच वर्षं आत. मग एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास संस्थेने, सांगितलं की हे काम दुसऱ्याच लोकांचं, आणि २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले. एक तोवर वारला होता. त्यांच्या पोरांचं शाळेत काय झालं असेल याचा ग्रुपवरच्या एकाने तरी विचार केलाय का?

मामाला दुपारी फोन केला. मोठ्याने बोलावं लागतं. तो चिडला नव्हता, थकला होता. म्हणाला, 'एकोणीस वर्षं मला वाटत होतं, निदान हे तरी झालंय.' मी काय बोलणार? त्याच्याकडून हे समाधान आज कोर्टाने नाही काढून घेतलं. २००६ मध्ये ज्यांनी घाईघाईने माणसं उभी केली, त्यांनी ते तेव्हाच खोटं दिलं होतं. ज्यांनी बॉम्ब ठेवले ते तेव्हापासून मोकळे आहेत, आणि तुम्ही गोळ्या घालून मारा म्हणताय ते भलतेच लोक असतील तर?

सरकार सर्वोच्च न्यायालयात जाणार म्हणतंय. जावं. पण मुख्यमंत्र्यांनी एवढंही सांगावं: तपास नव्याने होणार आहे का? ज्यांनी मारून सह्या घेतल्या त्यांची चौकशी होणार आहे का? ग्रुपवर हे विचारा. मामाच्या वतीने मी विचारतेय, उत्तर आलं तर त्याला मीच सांगेन.