चोवीसवर कुठं गार होतंय?

मे महिन्यात परभणीत दुपारी गाडीचं दार उघडलं की आतली गरम वाफ आधी बाहेर येते, मग आपण आत जायचं. पारा 42 च्या वर. आमच्या गाडीत ऑटो एसी आहे. 24 चा आकडा लावायचा आणि बटणांना हात लावायचा नाही, एवढंच काम. आणि नेमकं तेवढंच आमच्या घराण्यात कुणाला जमत नाही.

अंबाजोगाईला लग्न होतं. तात्या पुढं बसले आणि बसल्या बसल्या आकडा 16 वर नेला.

"चोवीसवर कुठं गार होतंय?"

म्हटलं, तात्या, गाडी तापलेली असेपर्यंत 16 लावा की 24, ती जीव तोडूनच गार करणार. आकडा कुठं थांबायचं ते सांगतो, किती जोरात पळायचं ते नाही.

"मग कंपनीनं सोळा दिलंय कशाला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

स्टिअरिंगजवळ बारीक जाळी असते. तिच्यामागचा सेन्सर आतली हवा चाचपतो. दुसरा पुढच्या बंपरमागं बसून बाहेरची हवा मोजतो. तिसरा डॅशबोर्डवर काचेखाली, काळ्या बटणाएवढा, तो ऊन बघतो. आईनं तुळजाभवानीचा फोटो आणि कवड्यांची माळ बरोब्बर त्याच्यावर ठेवलेली. त्यामुळं यंत्राची समजूत, बाहेर आभाळ आलंय. मे महिन्यात, परभणीत, आभाळ! आता देवीला जरा बाजूला सरकव, असं आईला सांगायची छाती कुणाची?

गंगाखेड मागं पडलं तशी गाडी गार झाली आणि पंखा आपोआप हळू झाला. यात यंत्राची हुशारीच आहे. पण आवाज कमी झाला की आपल्या माणसाला एसी बिघडला असंच वाटतं.

"पंखा कशाला बंद करायलास?" म्हणत तात्यांनी तो हातानं वाढवला. 'ऑटो'चा दिवा विझला. मी बटण दाबून लावला. त्यांनी परत विझवला. परळीपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

मागं काकूंना गाडी लागते, म्हणून काच चार बोटं उघडी. तिथून झळा आत यायच्या, जाळीमागच्या सेन्सरला कळायचं आणि पंखा पिसाळायचा. काकू डोक्यावरून पदर घेऊन म्हणायच्या, "लई गारठलंय बाई, पण काच नका लावू."

1964 साली अमेरिकेत कॅडिलॅकनं असा आपोआप चालणारा एसी पहिल्यांदा गाडीत दिला म्हणे. त्या गाडीत एकटाच माणूस बसत असणार. हल्ली महागड्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळं तापमान लावता येतं. आमच्यासाठी माणशी एक एसी काढावा लागेल, आणि तोही तात्यांच्या हाताला लागणार नाही असा.

अंबाजोगाईच्या अलीकडं रसवंतीवर थांबलो. तात्या उपरणं गळ्याभोवती गुंडाळत उतरले आणि रसवाल्याला म्हणाले, "माझा बिगर बर्फाचा दे रे. घसा धरलाय."