वाळूत सापडलेली अंगठी सापडणाऱ्याची नसते

दिवाळीच्या आधीपासून एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो माहेरच्या, सोसायटीच्या आणि भिशीच्या अशा तिन्ही ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: "गोव्याला जोडीने जाताय? चार-पाच हजारांचा मेटल डिटेक्टर सोबत न्या. सह्याद्रीतल्या नद्या सोनं वाहून आणतात, काळी वाळू दिसली की खाली सोनं आहेच समजा. शिवाय पर्यटकांच्या अंगठ्या आणि पोर्तुगीजांची नाणी. रात्री टॉर्च घेऊन जा, गर्दी नसते. सापडेल ते तुमचं. ऑस्ट्रेलियात एकाला २७ किलोचा गोळा सापडला. सहलीचा खर्च सहज निघतो."

आम्ही म्हापशाचे. मला आणि आमच्या ह्यांना या छंदाचं वेड आहे, घरात दोन डिटेक्टर आहेत. त्यामुळे हा संदेश पुढे ढकलणारे आम्हालाच विचारतात, "खरं ना हो हे?" एकदाच सविस्तर सांगते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट खरी आहे. १९८० साली व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने सुमारे २७ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला, 'हँड ऑफ फेथ' म्हणून तो ओळखला जातो. पण तिथली जमीनच वेगळी आहे. गारगोटीच्या शिरांमधलं सोनं खडक झिजून सुटं झालंय आणि त्याचे खडे मातीत वरच्या थरातही मिळतात. १८५० च्या दशकापासून तिथे लोक सोनं खणतायत. आणि तिथे छंद म्हणून सोनं शोधायला रीतसर परवाना मिळतो. 'मायनर्स राइट' म्हणतात त्याला, दहा वर्षं चालतो. हाताच्या अवजारांनीच खणायचं, राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा.

मेलबर्नला दिरांकडे गेलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी आपापला परवाना काढला आणि अकरा दिवस त्या भागात हिंडलो. हे मशीन फिरवायचे, मी खणायचे. कानात एक बारीक गुणगुण सतत चालू असते, ती जराशी हलली की, "अहो, थांबा. परत एकदा फिरवा." मग माती खरवडायची, ती प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन मशीनच्या तबकडीवरून फिरवायची. आवाज आला तर निम्मी माती टाकायची आणि उरलेली परत फिरवायची. असं निम्मं-निम्मं करत शेवटी तळहातावर चिमूटभर माती राहते, आणि तिच्यात बहुतेक वेळा बंदुकीचा छर्रा किंवा बुटाचा खिळा निघतो. सातव्या दिवशी दुपारी तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा खडा निघाला. थुंकी लावून पुसला तेव्हा दोघंही काही बोललो नाही. अकरा दिवसांत तेवढाच एक.

आता गोवा. मांडवी, शापोरा, जुवारी या नद्या ज्या डोंगरांतून येतात तिथलं धन म्हणजे लोहखनिज. डिचोली-सत्तरीत कुणालाही विचारा. काळ्या वाळूचं म्हणाल तर ती जड खनिजांची असते, बरीचशी लोहाची. सोनं असलेल्या नदीची रेती परातीत धुतली की तळाला सोन्यासोबत काळी वाळूही उरते, कारण दोन्ही जड. यावरून कुणीतरी उलटं गणित मांडलंय. काळी वाळू आहे म्हणून सोनं आहे, असं होत नाही. किनाऱ्यावर उन्हात पिवळं चमकतं ते अभ्रक. वाटीभर पाण्यात ढवळून बघा, अभ्रकाच्या पापुद्र्या गिरक्या घेत राहतात. सोनं वाळूच्या सातपट जड, ते तळाशी बसतं आणि हलत नाही. आणि समजा नदीच्या गाळात सोन्याची धूळ असलीच, तरी डिटेक्टरला धूळ कळत नाही. झारखंडकडच्या सुवर्णरेखा नदीकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रेती धुऊनच सोनं काढत आलेत, मशीनने नाही. आपल्याकडे सोन्याचा शोध खनिज कायद्याखाली येतो. १९५७ चा तो कायदा परवान्याशिवाय खनिज शोधायला परवानगी देत नाही, आणि व्हिक्टोरियासारखा हौशी परवाना त्यात नाही.

चार-पाच हजारांच्या मशीनबद्दल थोडक्यातच सांगते. ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहते, त्यामुळे स्वस्त मशीन लाटेजवळ नेलं की कारण नसताना ओरडत सुटतं. जांभ्या मातीतही तेच, लोहामुळे. सोन्याची पातळ अंगठी आणि बियरच्या कॅनची अ‍ॅल्युमिनियमची कडी, दोन्हींचा आवाज जवळपास सारखा येतो. आमच्या पिशवीत संध्याकाळी काय असतं विचाराल तर बुचं, कड्या आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

"सापडेल ते तुमचं" हे वाक्य मात्र मला झोपू देत नाही. समुद्राच्या पाण्यात बोटं गार होऊन आकसतात, त्यावर सनस्क्रीनचं तेल, अंगठी निसटते. ती कुणाची तरी असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये तर अंगठीचंच उदाहरण दिलंय: मौल्यवान अंगठी सापडली, मालक माहीत नाही, आणि शोधण्याचा प्रयत्न न करता लगेच विकली, तर तो गुन्हा. शिक्षा किमान सहा महिने, दोन वर्षांपर्यंत.

कायदा बाजूला ठेवला तरी गेल्या वर्षीची एक सकाळ मी विसरणार नाही. ओहोटीच्या रेषेवर ह्यांच्या मशीनने छान गोल आवाज दिला आणि चाळणीत मंगळसूत्राची एक वाटी आली. एकच, सोबत तारेत अडकलेले तीन काळे मणी. आम्ही जीवरक्षकांना सांगितलं, पोलीस चौकीत नोंद करून वाटी तिथे दिली. चौथ्या दिवशी कोल्हापूरच्या एका मुलीचा फोन आला. दुसरी वाटी तिच्याकडे होती. माहेरची हरवली होती, आईने घडवून दिलेली. ती फोनवर रडत होती आणि इकडे मी. त्या वाटीचा भाव किती आला असता, हे ज्याच्या मनात येतं त्याने हे मशीन हातात घेऊ नये.

किल्ले आणि जुनं गोवं यांच्या वाटेला तर जाऊच नका. गोव्याला टांकसाळींचा मोठा इतिहास आहे. कदंब राजांची सोन्याची नाणी होती, १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने इथे नाणी पाडली. पण संरक्षित जागी विनापरवाना खणणं केंद्राच्या १९५८ च्या आणि गोव्याच्या १९७८ च्या कायद्याने बंद आहे. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. मातीच्या कोणत्या थरात, कशाशेजारी ते पडलं होतं यावरून इतिहास कळतो. उपसून खिशात घातलं की ते नुसतं धातूचा तुकडा.

आणि ते "रात्री टॉर्च घेऊन जा"! मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्रीच येतात, नेमकी तुमच्या सहलीच्या हंगामात. घरटं वाळूखाली जेमतेम हातभर असतं, त्यात शंभरेक अंडी. फावड्याचा एक घाव पुरे. उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरते, आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालत सुटतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे हा. वनखात्याची माणसं हंगामभर तिथे राखण करतात, त्यांच्या मेहनतीवर हा एक संदेश पाणी फिरवू शकतो.

राहिला खर्च. तांदळाच्या दाण्याएवढा आमचा तो खडा अजून सोनाराकडे नेलेला नाही. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून त्यात ठेवलाय, म्हणजे मोठा दिसतो. विमानाच्या एका तिकिटाचाही खर्च त्यातून निघणार नाही. कुणी घरी आलं की हे बाटली हलवून दाखवतात, आणि सातव्या दिवसाची गोष्ट मी सांगते.